एकशे सातचा पाढा

२०२४ साली लंडनला लेकीकडे जायचं ठरलं तेव्हा माझ्या डोक्यात टॉवर, ॲबी, वाघनखं असं सगळं फिरत होतं. ह्यांच्या डोक्यात एकच आकडा होता: १०७. त्या आठवड्यातला पौंडाचा भाव. ३६ वर्षं सहकारी बँकेच्या कॅश काउंटरवर काढलेल्या माणसाला गुणाकाराला कागद लागत नाही. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून नोटा मोजल्यासारखा फिरतो आणि आकडा तोंडातून पडतो. विमानतळावर लेकीनं पाण्याची बाटली घेतली. अंगठा फिरला.

"दोनशे चौदा," हे म्हणाले आणि पाणी प्यायलेच नाहीत.

मी सांगलीच्या शाळेत ३० वर्षं इतिहास शिकवला. मराठे मुलखातून चौथाई घेत, म्हणजे २५ टक्के, आणि वर सरदेशमुखीचे १० टक्के, हे मी इतक्या वर्गांना सांगितलंय की झोपेतून उठवलंत तरी सांगेन. पण आमच्या ह्यांना पुरे शंभर टक्के हवे असत, तेही त्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचला दारं बंद व्हायच्या आत. तिकीट काढलं की वसुली सुरू. प्रत्येक खोली, प्रत्येक जिना, प्रत्येक पाटी. मी कुठे टेकले की, "अगं बसतेस काय? बसायला सांगलीत बागा नाहीत?"

पहिला मुक्काम टॉवर ऑफ लंडन. खिडकीवर कळलं की पासष्टीनंतर सवलत आहे. हे ६७ चे, मी ६३ ची. दोन वर्षं कमी पडल्याबद्दल ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच कुठेतरी हयगय केली होती. दोघांचे मिळून साडेसहा हजारांच्या वर गेले. तिथून पुढे विल्यम द कॉन्कररनं ११ व्या शतकात बांधायला घेतलेल्या त्या व्हाइट टॉवरचा एकेक दगड ह्यांनी मुदत ठेवीची पावती तपासावी तसा तपासला. चिलखतं पाहिली, तोफा पाहिल्या, आठव्या हेन्रीच्या चिलखताचा घेर पाहून "खात्यापित्या घरचा" असा शेराही दिला. दुपारी दीडपर्यंत मला फक्त माझ्या टाचा दिसत होत्या.

शेवटी आवारातल्या बाकावर मी डबा उघडलाच. पोळीभाजी आणि घरून आणलेलं भडंग. सांगलीचा माणूस भडंगाशिवाय देश सोडत नाही. दोन घास झाले असतील, तेवढ्यात पुढ्यातल्या कठड्यावर एक कावळा येऊन बसला. कावळा म्हणजे डोमकावळाच, पण कोंबड्याएवढा, आणि चोच अशी की आमच्या अडकित्त्यानं मान खाली घालावी. इथले डोमकावळे सरकारी आहेत. निदान सहा तरी टॉवरमध्ये असलेच पाहिजेत, ते गेले तर राज्य बुडेल अशी जुनी समजूत. म्हणून त्यांना सांभाळायला माणूस, आणि खायला कच्चं मांस व रक्तात भिजवलेली बिस्किटं. मी ही माहिती दिल्यावर हे म्हणाले, "म्हणजे आपल्या तिकिटातूनच ना?" आणि मग जरा हळवे झाले. "आबांच्या दहाव्याला दोन तास घाटावर उभा होतो. एक शिवेना. हा बघ, न बोलावता आला."

असं म्हणून ह्यांनी भडंगाची चिमूट पुढे केली. कावळ्यानं चिमटीकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं, आणि चिमूट सोडून बाकावरची अख्खी पिशवी उचलली. हिरवळीवर नेऊन त्यानं ती पायाखाली धरली आणि शेंगदाणे तेवढे निवडून खाल्ले. मागून एक बीफईटर, म्हणजे टॉवरचा पहारेकरी, धावत आला, निळ्या अंगरख्यावर लाल पट्ट्या, लग्नातल्या बँडच्या मास्तरासारखा. २२ वर्षं फौजेत काढल्याशिवाय ही नोकरी मिळत नाही. त्यानं अदबीनं पाटीकडे बोट केलं: डोमकावळे चावतात, खाऊ घालू नये. ह्यांनीही तितक्याच अदबीनं कावळ्याकडे बोट केलं. घालू कोण बघत होतं?

मग कोहिनूर. तिरुपतीला गाभाऱ्यात माणसं आपल्याला पुढे ढकलतात. इथे तेवढाही स्पर्श नाही, जमीनच सरकते. मुकुटांच्या काचांसमोरून सरकता पट्टा आहे. आपण उभे राहायचं, तो आपल्याला नेतो. पायाखालची जमीन सरकणं हा वाक्प्रचार मी मुलांना किती वेळा वाक्यात उपयोग करायला दिला, अनुभव हा पहिलाच. १९३७ साली राणी एलिझाबेथसाठी, म्हणजे आत्ताच्या राजाच्या आजीसाठी, घडवलेल्या मुकुटात पुढच्या बाजूला तो बसवलाय. १८४९ साली इंग्रजांनी पंजाब घेतला तेव्हा तिथल्या दहा वर्षांच्या महाराजा दुलीपसिंगाकडून करारात लिहून घेतलेला. मी हे सगळं हळू आवाजात सांगत होते, पण "दुलीप" म्हणेपर्यंत मुकुट मागे गेला होता. दुसऱ्यांदा रांगेतून आलो. "सिंग" म्हणेपर्यंत पुन्हा मागे. तिसऱ्या फेरीला मी थेट हिशेबावर आले: इथे आणला तेव्हा १८६ कॅरट होता, १८५२ साली पैलू पाडून १०५.६ चा केला.

हे पट्ट्यावर उलटे चालायला लागले.

"त्रेचाळीस टक्के तूट? अगं, माझ्या काउंटरवर शंभराची एक नोट कमी आली तर रात्री साडेनऊपर्यंत थांबवत होते! ह्यांना कोणी विचारलं नाही?" मागच्या जपानी बाई ह्यांच्या पाठीवर हलकेच येऊन थांबल्या, त्यांच्या मागे त्यांचे यजमान, त्यांच्या मागे त्यांचा गट. पहारेकऱ्यानं हात वर केला. अंधारात ह्यांचा अंगठा मात्र फिरतच होता. ८०.४ कॅरटला कशानं गुणावं हे समजेना म्हणून असेल.

वेस्टमिन्स्टर ॲबी ह्या जुन्या चर्चमध्ये अडचण माझी झाली. १०६६ पासून राजांचे राज्याभिषेक इथे होतात हे ठाऊक होतं. जमिनीखाली तीन हजारांवर माणसं आहेत आणि आपण त्यांच्या नावांवरूनच चालायचं असतं, हे आत गेल्यावर कळलं. आता पुस्तकाला, केरसुणीला, कुणाच्या पिशवीला पाय लागला तरी हात आपोआप छातीशी जाणारी मी. एका सरदाराला पाय लागला, नमस्कार केला. मागे सरले तर बिशपवर. बिशपला नमस्कार करताना डाव्या पायाखाली कोणीतरी कवी. तासाभरात माझ्या उजव्या हाताला मुंग्या आल्या. डार्विनच्या दगडापाशी तर मी उडी मारली, आणि माकडापासून माणूस झाला त्याचा उलटा पुरावा त्याच्याच उशाशी दिला. एकच थडगं असं की त्यावर कोणी पाय देत नाही: पहिल्या महायुद्धातला अनाम सैनिक, १९२० साली आणून पुरलेला. तिथे मी सगळ्यांच्या वतीनं एकदाच दोन्ही हात जोडले आणि उरलेलं ॲबी खुशाल चालले.

हे तोवर कानाला ते माहिती सांगणारं यंत्र लावून उभे होते. तिकिटात धरलेलं आहे म्हटल्यावर एकही क्रमांक सोडला नाही. कानात बाई बोलत असल्यामुळे ह्यांचा स्वतःचा आवाज बाजारातला. "अगं, हा न्यूटन!" असं ते ओरडले तेव्हा प्रार्थनेला बसलेल्या चार माणसांनी वर पाहिलं. न्यूटन तेवढा हलला नाही.

बाहेर आल्यावर बिग बेन. ३० वर्षं मी मनोऱ्यालाच बिग बेन म्हणत आले. बिग बेन ही आतली घंटा, मनोऱ्याचं नाव २०१२ पासून एलिझाबेथ टॉवर. निवृत्त झाल्यावर कळलेल्या चुकांचं एक बरं असतं, कोणी उभं करत नाही. त्या घड्याळाच्या लंबकावर जुनी नाणी ठेवून वेळ जुळवतात, एका पेनीनं दिवसाला ०.४ सेकंद पुढे जातं. लंडनमधली ही एकमेव गोष्ट ह्यांना स्वस्त वाटली.

सगळ्यात जड गेला तो द मॉन्युमेंट. १६६६ ची आग पुडिंग लेनमधल्या भटारखान्यात लागली, त्याची आठवण म्हणून रेन आणि हूक ह्या दोघा वास्तुकारांनी २०२ फुटांचा खांब उभारला. आडवा पाडला तर टोक बरोबर आगीच्या जागी लागेल. आत गोल जिना, ३११ पायऱ्या, चढायला आणि उतरायला तोच. तिकीट बाकीच्यांच्या मानानं किरकोळ आणि वर चढून आलेल्याला प्रमाणपत्र. प्रमाणपत्र म्हटल्यावर ह्यांचे डोळे लकाकले. मी खाली थांबते म्हटलं. "अगं, चार वेळा रायगड चढलोय," हे म्हणाले. चार वेळा खरं, पण त्यातला शेवटचा १९८९ साली, आणि नंतरची पाचवी खेप रोपवेनं.

पाऊण तास मी खाली बसले. जो उतरून येईल त्याला लेक विचारायची, "पांढरा शर्ट, टक्कल?" एक मुलगी म्हणाली, दीडशेच्या आसपास भिंतीला टेकून सगळ्यांना वाट देतायत. पुढचा मुलगा म्हणाला, दोनशेवर आहेत, सगळ्यांना आकडा सांगतायत. शेवटी ते आले. रंग उतरलेला, पाय लटपटत, तोंडानं शब्द नाही. प्रमाणपत्र हातात पडल्यावर पहिलं वाक्य: "सहाशे बावीस. उतरताना मोजायला कोणी मना केलंय का?"

स्टोनहेंजला, म्हणजे हजारो वर्षांपूर्वी उभ्या केलेल्या दगडांच्या वर्तुळाकडे, जाताना हे गाडीत झोपले होते. गुडघे. पर्यटक केंद्रापासून दगडांपर्यंत दोन-अडीच किलोमीटर बसनं नेतात, आणि मग दोरीबाहेरून प्रदक्षिणा. दगडांना शिवायचं नाही.

"सोवळ्यात आहेत?"

पूर्वी लोक आठवण म्हणून टवके काढून न्यायचे, त्यामुळे सोवळं बरोबरच आहे. माझी चूक एवढीच की मी पुढचं सांगितलं. १९१५ साली हे अख्खं स्टोनहेंज लिलावात ६,६०० पौंडांना गेलं. अंगठा फिरला. "सात लाख सहा हजार दोनशे! सांगलीत ह्यात फ्लॅटचं पार्किंग येत नाही." ते घेतलं सेसिल चब नावाच्या वकिलानं आणि तीन वर्षांनी देशाला देऊन टाकलं. देताना अट घातली, माणशी एक शिलिंगाच्या वर आकार घ्यायचा नाही.

"एक शिलिंग म्हणजे?"

"आताचे पाच पेन्स."

हे परत केंद्राकडे निघाले. खिशात पाच-पाचची दोन नाणी होती, ती हातात घेतलेली. लेकीनं केंद्राच्या दारातून दंड धरून वळवलं आणि गाडीत बसवलं. पुढे मोठ्या रस्त्याला लागलो तर वाहतूक तुंबलेली, गाड्या मुंगीच्या पावलानं चाललेल्या. का, तर डाव्या खिडकीतून स्टोनहेंज दिसत होतं. अख्खं, दगड मोजता येतील असं. फुकट. वीस मिनिटं आम्ही तसेच सरकत होतो. गाडीत कोणी बोललं नाही.

वाघनखं मी शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवली होती. ती महाराष्ट्रात येणार, येणार, असं पेपरात वर्षभर वाचत होते. पण 'येणार' ह्या शब्दावर आपल्याकडे कोणी विसंबावं? म्हटलं, आपणच जाऊन पाहू. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ती होती. महाराजांचीच आहेत असं संग्रहालयही छातीठोकपणे म्हणत नाही. पण मला डबीवरची इंग्रजी ओळ बघायची होती. त्यात अफजलखानाला मोगल सरदार म्हटलंय. आदिलशाही सरदार! लाल पेन पर्समध्येच होतं, नुसतं मनातल्या मनात अर्धा गुण कापणार होते.

ह्या संग्रहालयाला तिकीट नाही. हे दारात दोनदा इकडेतिकडे बघून आले. खिडकीच नाही. आत आल्यावर हात कुठे ठेवावेत ते कळेना. एक पाटी अर्धी वाचून सोडली. "फुकटच आहे ना," म्हणाले, "मग काय वसूल करायचं?" आणि मधल्या बागेत लंबगोल उथळ हौद आहे, त्याच्या काठावर बसले. बूट काढले, मोजे काढले, मोज्यांची व्यवस्थित गुंडाळी केली आणि पोराटोरांच्या बरोबरीनं पाय पाण्यात सोडले. महिन्याभरात पहिल्यांदा ते कुठे बसलेले मी पाहिले.

मी आत जाऊन विचारून आले.

"अहो, वाघनखं नाहीत इथे. गेली."

"कुठे?"

"साताऱ्याला. १९ जुलैपासून तिथल्या संग्रहालयात ठेवलीत."

ह्यांनी पाय पाण्यातून काढले नाहीत. "सातारा म्हणजे... आपण विमानतळाला निघालो तेव्हा पहाटे बायपासला थांबलो होतो ते?"

"तेच."

अंगठा पेरांवर गेला आणि तिथेच थांबला.

"दोन चहाचे चाळीस झाले होते," हे म्हणाले.