गुंठा घेताना दाखवतो तो चौकसपणा परदेशातील घरासाठीही हवा

आपल्या कोल्हापुरात कळंब्याला किंवा फुलेवाडीला दोन गुंठ्यांचा प्लॉट घ्यायचा म्हटला, तरी माणूस आधी सातबारा आणि फेरफार काढतो, वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घेतो, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो, मोजणी मागवतो आणि एवढे करूनही शेजारच्या दुकानदाराला ‘जागेत काही भानगड नाही ना?’ असे विचारून येतो. हीच माणसे अलीकडे दुबईतील अजून पायाही न भरलेल्या इमारतीतील फ्लॅट एखाद्या हॉटेलातील एका संध्याकाळच्या प्रदर्शनात, रंगीत पुस्तिका पाहून ठरवू लागली आहेत. याची मला मनापासून काळजी वाटते. परदेशात घर घेण्याला माझा विरोध नाही; पण ज्या जागेवर आपण रविवारी सहज चक्कर मारू शकत नाही, तिच्या बाबतीत चौकशी दुप्पट व्हायला हवी, ती निम्मीही होत नाही.

शिरोली एमआयडीसीत कारखाना असलेले माझे एक स्नेही अशाच प्रदर्शनातून आणलेला हप्त्यांचा तक्ता घेऊन माझ्याकडे आले होते. फ्लॅटची किंमत बारा लाख दिरहम, वीस टक्के इसार, बांधकामाप्रमाणे हप्ते आणि चाळीस टक्के ताब्याच्या वेळी, असे त्यात व्यवस्थित मांडलेले होते. दुबईच्या भूमी विभागाचे चार टक्के हस्तांतरण शुल्क, म्हणजे आणखी अठ्ठेचाळीस हजार दिरहम, त्या तक्त्यात नव्हते. दर चौरस फुटामागे दरवर्षी द्यावा लागणारा सर्व्हिस चार्जही नव्हता, आणि तो तर घर रिकामे पडले तरी चुकत नाही. पैसे पाठवण्याचे काम बँकेत एक अर्ज भरला की होते, असे त्यांना सांगण्यात आले होते. खरी गुंतागुंत तिथूनच सुरू होते.

भारतात राहणाऱ्या व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंतच रक्कम बाहेर पाठवता येते. दिरहम हा डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला असल्यामुळे ही मर्यादा साधारण नऊ लाख अठरा हजार दिरहमची होते. म्हणजे बारा लाखांचा फ्लॅट एकट्याला एका वर्षात पूर्ण फेडता येत नाही. रक्कम दोन वर्षांत विभागावी लागते किंवा पत्नीने आपल्या मर्यादेतून पैसे पाठवावे लागतात. शिवाय वर्षाला दहा लाख रुपयांच्या वर पाठवलेल्या रकमेवर बँक वीस टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापते. पन्नास लाख पाठवले तर आठ लाख रुपये वेगळे ठेवावे लागतात. ही रक्कम विवरणपत्र भरताना करात वळती होते किंवा परत मिळते हे खरे, पण तोपर्यंत ती अडकून पडते, आणि कारखानदाराला खेळत्या भांडवलातील आठ लाख म्हणजे काय हे मी सांगायला नको. अशा पाठवणीसाठी इथली बँक कर्जही देऊ शकत नाही. यातून सुटण्यासाठी ‘इथे रोख द्या, तिकडे दिरहम मिळतील’ असे कोणी सुचवले, तर त्या माणसाला दारातूनच परत पाठवावे. परकीय चलन कायद्याखाली गुंतलेल्या रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो.

याहून मोठी गल्लत इथली जागा विकताना होते. पन्हाळा रस्त्यावरचा वडिलोपार्जित प्लॉट विकून त्या पैशातून परदेशात घर घेतले, तर भांडवली नफ्यावरील कर वाचेल, असा समज मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. २०१४ च्या अर्थसंकल्पाने आयकर कायद्यात स्पष्ट शब्द घातले की ही सवलत भारतातील घरासाठीच आहे. प्लॉट जातो, कर भरावा लागतो आणि उरलेल्या पैशात परदेशातील घराचे गणित बसत नाही, हे सौदा झाल्यावर कळून उपयोग नसतो.

घर घेतल्यावर त्याची माहिती दरवर्षी विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात द्यावी लागते, आणि भाडे येत असेल तर तेही दाखवावे लागते. तिकडे त्यावर कर नाही म्हणून इथे सांगायचे नाही, असे चालत नाही. २०१५ च्या काळ्या पैशाविषयीच्या कायद्यानुसार माहिती न दिल्यास दहा लाख रुपये दंड होऊ शकतो. अलीकडे वीस लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला या दंडातून सूट मिळाली, परंतु स्थावर मालमत्ता तिच्यातून वगळलेली आहे.

दुबईत कायदा नाही असे मुळीच नाही. २००७ पासून तिथे बिल्डरला ग्राहकांचे पैसे त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र एस्क्रो खात्यात, म्हणजे त्याच प्रकल्पासाठी राखून ठेवलेल्या खात्यात, ठेवावे लागतात, आणि बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटची भूमी विभागाकडे नोंद होते. म्हणून पैसे त्या खात्यातच जात आहेत ना आणि नोंद आपल्या नावाने झाली ना, या दोन गोष्टी एजंटच्या शब्दावर न सोडता स्वतः पाहाव्यात. २००८ नंतर तिथल्या किमती निम्म्याहून खाली आल्या होत्या आणि कित्येक प्रकल्प अर्धवट राहिले होते, हेही विक्रेता आपणहून सांगणार नाही.

मुलाला अमेरिकेत घर घेण्यासाठी मदत करणाऱ्या आईवडिलांचा प्रश्न मला अधिक जवळचा वाटतो, कारण तिथे नफ्याची ओढ नसते, माया असते. राजारामपुरीत किंवा रुईकर कॉलनीत अशी कुटुंबे आता गल्लोगल्ली आहेत. आपण पैसे देतो तर कागदावर आपलेही नाव असावे, ही भावना स्वाभाविक आहे, तरी मी तिच्या विरोधात आहे. अमेरिकेत न राहणाऱ्या परकीय नागरिकाच्या मृत्यूनंतर तिथल्या मालमत्तेवर वारसा कर लागतो, सूट फक्त साठ हजार डॉलरची आहे आणि दर चाळीस टक्क्यांपर्यंत जातो. भारताचा अमेरिकेशी या कराबाबत करारही नाही. त्यापेक्षा रक्कम मुलाला रीतसर भेट म्हणून द्यावी आणि घर त्याच्याच नावावर असावे. एका वर्षात परदेशातून मिळालेली भेट एक लाख डॉलरच्या वर गेली, तर मुलाने तिथल्या कर खात्याकडे फॉर्म ३५२० भरायचा असतो. त्यावर कर नाही, पण फॉर्म राहिला तर भेटीच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र ही भेट स्वतःच्या राहत्या घराला आणि औषधपाण्याच्या ठेवींना हात न लावता द्यावी, याबाबत मी कोणाच्याही भावनेची भीड ठेवणार नाही.

ऑस्ट्रेलियाकडे डोळे असणाऱ्यांनी तर आधी परवानगीचाच विचार करावा. तिथे १ एप्रिल २०२५ पासून ३१ मार्च २०२७ पर्यंत परदेशी व्यक्तींना जुने घर घेण्यास मनाई आहे, आणि शिकायला किंवा तात्पुरत्या व्हिसावर गेलेली मुलेही त्यात येतात. यावर रागावण्याचे कारण नाही. आपणही परदेशी नागरिकाला इथली शेतजमीन घेऊ देत नाही.

माझ्या स्नेह्यांनी अजून निर्णय घेतलेला नाही. त्यांना मी दोन गोष्टी सुचवल्या आहेत. इसार देण्याआधी विक्रेत्याशी संबंध नसलेला तिथला वकील आणि इथला परदेशी मालमत्तेची कामे करणारा सीए यांच्याकडून कागद तपासून घ्यावेत. आणि घर घेतलेच, तर दुबईतील मालमत्तेपुरते वेगळे इच्छापत्र तिथे नोंदवावे. बिगर मुस्लिमांसाठी ही सोय २०१५ पासून उपलब्ध आहे. त्यांच्या पश्चात वहिनींना तलाठ्याकडे जाऊन वारस नोंद करता येईल; तिथल्या फ्लॅटसाठी मात्र कोणत्या कार्यालयात, कोणत्या भाषेतील कागद घेऊन जायचे, हे त्यांना आजच माहीत असायला हवे.