शिबिराची तयारी बॅगेपासून सुरू होत नाही

सेवा शिबिराला, म्हणजे एखाद्या गावात राहून श्रमदान करायला, निघालेली मंडळी मला बहुतेक वेळा एकच विचारतात, सोबत काय काय घेऊ? मी आधी उलट प्रश्न विचारते: तासभर सलग फावडं चालवून बघितलंय का कधी? बहुतेकांनी बघितलेलं नसतं. आणि माझ्या मते खरी तयारी तिथूनच सुरू होते. आपण तिथे कुणाच्या तरी कामाला हात लावायला जातो. तिसऱ्या दिवशी आपणच आडवे झालो, तर यजमानांपैकी एक माणूस हातातलं काम टाकून आपल्या उशाशी बसतो. म्हणजे गेलो होतो दोन हात वाढवायला आणि प्रत्यक्षात चार हात कमी केले. म्हणून घरी केलेली तयारी मी सेवेतच धरते.

या शिबिरांचा उगमच अंगमेहनतीत आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या व्हर्दंचा परिसर उद्ध्वस्त झाला होता. १९२० साली स्विस इंजिनिअर पिएर सेरेझोल काही सोबती घेऊन तिथल्या एका गावात राबायला गेले. त्या सोबत्यांत कालपर्यंत शत्रू असलेले जर्मनही होते. यातूनच पुढे ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संघटना उभी राहिली. १९२७ मध्ये ऱ्हाईन नदीच्या पुराने लिख्टेनस्टाइन या युरोपातल्या छोट्या देशातली शेतं गाळ आणि दगडगोट्यांखाली गेली, ती मोकळी करायला १९२८ मध्ये वेगवेगळ्या देशांतून ७०० हून अधिक स्वयंसेवक आले. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर सेरेझोल भारतातही येऊन राबले. आज शिबिरांत भिंती रंगवण्यापासून मुलांसोबत खेळण्यापर्यंत कितीतरी कामं असतात, पण माती, दगड आणि ओझं अजूनही सुटलेलं नाही.

तेव्हा आधी शरीर. निघायच्या महिनाभर आधीपासून रोज चालायला लागा, नंतर पाठीवर थोडं वजन घेऊन चाला. उठाबशा काढा. ओझं उचलायची पद्धत घरीच अंगवळणी पाडा: गुडघ्यात वाकायचं, वस्तू अंगाजवळ धरायची, पायांच्या जोरावर उठायचं आणि ओझं हातात असताना कंबरेत पिळा द्यायचा नाही, पाय वळवायचे. वाचायला सोपं वाटतं, पण दमल्यावर शरीर फक्त सवयीचंच ऐकतं.

उन्हात काम असेल तर हे जास्त गांभीर्याने घ्या. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. उन्हातल्या कामावर नव्याने येणाऱ्यांसाठी एक नियम सांगितला जातो: पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या २० टक्केच वेळ उन्हात घालवायचा आणि रोज तेवढाच वाढवत न्यायचा. शिबिरात नेमकं उलट घडतं. पहिल्या दिवशी उत्साह ओसंडून वाहत असतो, जो तो जड घमेली उचलायला धावतो. तसं करू नका. तहान लागायची वाट न बघता थोडं थोडं पाणी पीत राहा. ओआरएसची पाकिटं जवळ ठेवा. नसतील तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, हे प्रमाण पाठ असू द्या. हे मात्र अंदाजपंचे करायचं नाही, मीठ जास्त झालं तर अपाय होतो. कुणी घामाघूम होऊन असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात असू शकतो. त्याला सावलीत नेऊन अंग थंड पाण्याने भिजवायचं आणि लगेच वैद्यकीय मदत बोलवायची.

बूट नवे असतील तर दोन-तीन आठवडे घरीदारी वापरून मऊ करून घ्या. टाचेला फोड आलेला माणूस कितीही मनापासून आलेला असला तरी निरुपयोगी ठरतो, हे मी वारंवार बघितलंय. मोजे जास्त घ्या, ओले झाले की लगेच बदला. मापाचे, जाड हातमोजे स्वतःचे न्या. शिबिरात मिळतात ते बहुधा दुसऱ्याच कुणाच्या मापाचे असतात. टोपी, डोक्याला लावायची बॅटरी, पाण्याची बाटली, मळले-फाटले तरी चालतील असे पूर्ण बाह्यांचे कपडे. बाकी बॅग जितकी हलकी तितकी बरी.

धनुर्वाताची लस मात्र विसरू नका. बूस्टर, म्हणजे आधीच्या लसीचा जोर टिकवणारा डोस, १० वर्षांनी लागतो, आणि जखम खोल किंवा मातीने माखलेली असेल तर शेवटच्या डोसला ५ वर्षं होऊन गेली असली तरी पुन्हा घ्यावा लागू शकतो. खिळे, गंजके पत्रे आणि माती तिथे पावलोपावली असणार. इतर लसींबद्दल, जाणार त्या भागाचं नाव सांगून डॉक्टरांना विचारा. रोजची औषधं पुरून उरतील इतकी घ्या, चिठ्ठीसकट.

आता ज्या गोष्टीबद्दल मला सगळ्यात जास्त कळकळ आहे ती, आरोग्याचा फॉर्म. दमा, फिट्स, मधुमेह, अ‍ॅलर्जी, जुनं पाठीचं दुखणं, सुरू असलेला मानसिक उपचार, सगळं खरं लिहा. निवड होणार नाही या भीतीने लोक लपवतात, मग रात्री त्रास सुरू झाला की जवळ कुणाला काही ठाऊक नसतं. माहीत असेल तर संयोजक त्या माणसाला बेताचं काम देऊ शकतात. स्वयंपाक, अवजारांची नोंद, साफसफाई ही कामंही शिबिर चालण्यासाठी तितकीच लागतात. तीस जणांची भांडी घासायची पाळी तुमच्यावरही येईलच, तिला कमी लेखू नका.

जायचं नक्की करण्याआधी संयोजकांना सरळ लिहून विचारा. नेमकं काम काय आणि रोज किती तास? ते काम गावाने मागितलंय का? आपण गेल्यावर ते पुढे कोण सांभाळणार? झोपायची, संडासाची, पाण्याची सोय कशी आहे? जवळचा दवाखाना किती लांब? विमा आहे का, आणि शुल्क घेताय तर ते कशावर खर्च होतं? लहान मुलांसोबत काम असेल तर स्वयंसेवकांची पडताळणी आणि फोटोंबाबतचा नियम काय? चांगले संयोजक अशा प्रश्नांनी चिडत नाहीत, उलट त्यांना बरं वाटतं. उत्तर मोघम आलं तर फोन करा. फोनवरही टोलवाटोलवी झाली तर पैसे भरू नका, दुसरं शिबिर शोधा.