अंतराळात एवढी थंडी, मग फ्रिज कशाला?

आमच्या इंदूरच्या सुदामानगरच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: अंतराळात उणे २७० डिग्री थंडी, तरी जेम्स वेब दुर्बिणीला फ्रिज लावला, त्यातला गॅस पाच वर्षांत संपणार, सगळा पैसे खायचा धंदा. पाठवणारे काका मला वडिलांसारखे, तरी लिहितोच.

काका, परवा तुमच्याकडे सत्यनारायणाला चहाचे दोन थर्मास होते. एकातल्या चहाने माझी जीभ पोळली. दुसरा, पोचा आलेला, त्यातला तासाभरात गार. पहिल्याच्या दोन भिंतींमध्ये निर्वात पोकळी शाबूत होती, एवढाच फरक. अंतराळ हा तसाच थर्मास. उष्णता वाहून न्यायला हवाच नाही; ती फक्त प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपात जाते, आणि वस्तू गार होत जाईल तसा तो वेग फार मंदावतो. वर सूर्य तापवतोच. वेबच्या ऊन अडवणाऱ्या पाचपदरी पडद्याची उन्हाकडची बाजू सुमारे ८५ डिग्री, सावलीतली उणे २३३च्या आसपास.

म्हणजे मेसेज थोडा खरा आहे: चारपैकी तीन उपकरणांना एवढी सावली पुरते. चौथं, मिरी, मध्यम अवरक्त (इन्फ्रारेड, म्हणजे उष्णतेच्या) किरणांचं. त्याला उणे २६६च्या खाली जावं लागतं, नाहीतर त्याच्या स्वतःच्या उबेचाच खोटा संकेत येतो. मोबाइल तापतो म्हणून फुंकर घालण्याचा हा प्रकार नाही.

या फ्रिजमध्ये हीलियम आहे. गंमत अशी, की घरच्या तापमानाला हीलियम बारीक छिद्रातून प्रसरण पावला तर गार नाही, किंचित गरमच होतो! म्हणून आधी त्याला वेगळ्या यंत्रणेने १८ केल्विनपर्यंत, म्हणजे सुमारे उणे २५५ डिग्रीपर्यंत उतरवतात, मग छिद्रातून सोडतात. कॉम्प्रेसर दूर, पडद्याच्या उबदार बाजूला.

गॅस संपण्याचं म्हणाल, तर तो घरच्या फ्रिजसारखा आतच फिरतो. संपायचा तो जुन्या दुर्बिणींचा. २००३ची स्पिट्झर द्रव हीलियम उडवत गार राहायची. मे २००९मध्ये तो संपला. हर्शेलचा एप्रिल २०१३मध्ये, आणि तिचं कामच थांबलं. हबलच्या निकमॉस कॅमेऱ्यातला घन नायट्रोजन १९९९मध्ये संपला. २००२मध्ये अंतराळवीरांनी त्याला कूलर जोडला, तेव्हा तो पुन्हा चालू झाला.

पैशांचं? वेबचा खर्च फुगला, उशीरही झाला. त्यावर भांडा, मी तुमच्या बाजूने.

आणि तुम्ही कॅट रोडने फिरायला जाता ना? त्या कॅटमध्ये, म्हणजे आताच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, हीलियमचा द्रव करणारं देशी यंत्र बनवलंय.