"चायना आहे का हो?"

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस आमच्या दुकानात एकच प्रश्न चालू असतो. किंमत विचारायच्या आधी, माल हातात घ्यायच्याही आधी, "चायना आहे का हो?" कराडात आमचं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे, अण्णांनी टाकलेलं, आता मी बसतो. आणि इतकी वर्षं ऐकून ऐकून आता विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघितलं की कळतं याला उत्तर हो पाहिजे का नाही पाहिजे. कारण दोन्ही टाइपची गिऱ्हाइकं असतात. एकाला चायना नकोच असतं. दुसऱ्याला चायनाच पाहिजे असतं, स्वस्त पडतं म्हणून, पण तसं तोंडाने म्हणवत नाही, मग तो म्हणतो "साधंच काहीतरी दाखवा ओ, चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

२०२० ला गलवानला चिनी सैन्याशी चकमक झाली त्या वर्षी सगळ्यांनी दुकानाबाहेर "येथे चिनी माल मिळणार नाही" चे बोर्ड लावले. मीपण लावला होता, खोटं कशाला बोलू. माळा मात्र आदल्याच वर्षीच्या, पुण्याच्या तापकीर गल्लीतून भरलेल्या, फक्त चिनी अक्षरं असलेली खोकी फेकून दिली आणि सुट्ट्या करून विकल्या. एका माणसाने विचारलं नाही की बाबा ह्या कुठल्या. बोर्ड वाचला, समाधान झालं, पाच-पाच माळा घेऊन गेले.

आमच्या लहानपणी हे बरोबर उलटं होतं. तेव्हा "फॉरेन"चा म्हटलं की माणसं हात धुवून हात लावायची. आत्याचे यजमान लालबागला गिरणीत होते, त्यांनी एकदा मुसाफिरखान्यातून, म्हणजे मुंबईतल्या फॉरेन मालाच्या बाजारातून, टेपरेकॉर्डर आणला, पाठीमागे "मेड इन जपान" अशी चकचकीत पट्टी. गल्लीतली पोरं तो बघायला यायची. पुढे तो बिघडला तेव्हा अण्णांनी खोलला, तर आतला ट्रान्सफॉर्मर आपल्याकडे बाजारात मिळतो तसलाच. जपान फक्त त्या पट्टीत. अण्णा काही बोलले नाहीत, दुरुस्त केला, पट्टी होती तशी ठेवली. तेव्हाचा तो जोकच होता ना, मेड इन यूएसए, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. हसायचो आपण, पण उल्हासनगरची जीन्स वापरायचो पण.

बरं हे शिक्क्याचं प्रकरण आपल्याच इथलं नाहीये. १८८७ ला इंग्लंडने कायदा केला, त्यातूनच "मेड इन जर्मनी" छापायची वेळ आली, हेतू हा की जर्मन माल हलका असतो, गिऱ्हाइकाला तो ओळखता यावा आणि त्याने तो घेऊ नये. झालं भलतंच. लोकांनी वापरून बघितलं, टिकतंय म्हणाले, आणि तोच शिक्का बघून माल मागायला लागले. आपले लोक अजूनही ड्रिल मशीन, पाने घेताना "जर्मन आहे का" विचारतात. बदनामीसाठी काढलेला शिक्का आणि शंभर-सव्वाशे वर्षं त्यावर माल खपतोय, याला म्हणतात नशीब.

आता आजचं सांगतो. छताच्या पंख्यांना २०२३ पासून विजेच्या बचतीचं स्टार रेटिंग सक्तीचं झालं आणि ते बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे पंखे जोरात चालायला लागले. जुना पंखा ७५ वॅट खातो, हा तीसच्या आसपास, रिमोट वगैरे, लोक खूश. एका कंपनीचा मी भरपूर माल घेतला, नाव सांगत नाही, खोक्यावर मोठी तिरंग्याची पट्टी आणि "मेड इन इंडिया" एवढं मोठं की पंख्याचं चित्र बारीक दिसतंय. आठ-दहा महिन्यांत त्यातले सात पंखे बंद पडून परत आले. जुन्या पंख्याला काय होतं, फिरायचा मंदावला की कॅपॅसिटर बदलायचा, पाच मिनिटांचं काम, गिऱ्हाइक चहा प्यायच्या आत पंखा सुरू. याच्यात तसं नाही, याचं सर्किट जातं आणि ते सर्किट फक्त कंपनीकडेच. सर्व्हिसवाल्याला फोन केला तर म्हणे "वरून माल यायचाय". मे महिना, घरात तान्हं बाळ, ती ताई रोज दुकानात येऊन उभी राहायची, आणि मी आपला तेच सांगायचो, वरून यायचाय. शेवटी माझ्या घरचा टेबलफॅन दिला तिला. सव्वा महिन्याने सर्किट आलं. प्लॅस्टिकची पिशवी फोडली तर हिरव्या बोर्डवर बारीक चिनी अक्षरं. म्हणजे "वर" ते एवढं वर होतं!

हे चिनी म्हणून वाईट असं मी म्हणत नाहीये हं, लगेच कमेंटमध्ये येऊ नका. पत्रा इथला, पाती इथली, जोडणारी पोरं इथली, त्यांना पगार मिळतो, चांगलंच आहे. पण डोकं तिकडचं. आणि हे आपल्या पंख्यापुरतं नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये चीनने रेअर अर्थ मॅग्नेटवर, म्हणजे इलेक्ट्रिक गाडीच्या मोटरमध्ये लागणाऱ्या चुंबकांवर बंधनं आणली आणि आकुर्डीला बनणाऱ्या चेतक इलेक्ट्रिक स्कूटरचं उत्पादन बजाजला कमी करावं लागलं, एवढी मोठी कंपनी. उलट बाजूने बघा, तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूरला जुळवलेले आयफोन अमेरिकेत विकले जातात आणि आमच्या गल्लीतलं पोरगं दुबईच्या मामाला सांगतंय, मामा तिकडचा ओरिजिनल आण.

आणि ते ८९० वालं फॉरवर्ड कृपा करून मला पाठवू नका. बारकोड ८९० ने सुरू झाला म्हणजे भारतात बनलं असं नसतं. त्या कंपनीने भारतात नोंदणी करून नंबर घेतलाय एवढाच त्याचा अर्थ, माल कुठे का बनेना.

मग देश बघायचाच नाही का? बघायचा की. मला स्वतःला दोन वस्तू सारख्या वाटल्या तर मी इथली घेतो, दहा-वीस रुपये जास्त गेले तरी. पण दुकानात बसून एक कळलंय, गिऱ्हाइक "चायना आहे का" विचारतो तेव्हा त्याला देश नाही विचारायचा. त्याला विचारायचंय, बंद पडलं तर तू परत घेशील का, का हात वर करशील. "चायना आहे" याचा बाजारातला अर्थच "गॅरंटी नाही" असा झालाय. आयात मालाच्या पाकिटावर देश छापावा लागतो, ठीक, पण आतलं सर्किट कुठलं आणि ते गेलं तर किती दिवसांत मिळेल हे कुठल्या खोक्यावर छापलेलं मी तरी बघितलं नाही. हे छापा की राव. मी तर आता नवीन कंपनीचा माणूस ऑर्डर घ्यायला आला की पहिलं हेच विचारतो, स्पेअर कुठे मिळतो, पुण्यात का वर. गडबडला की समजायचं.

आमच्याकडे एक रिटायर गुरुजी येतात. गेल्या दिवाळीला आले, चष्मा लावून माळेचं खोकं चारी बाजूंनी वाचलं, "मेड इन इंडिया" सापडलं तेव्हा कुठे पैसे काढले, साध्या माळेच्या दुप्पट. मी काही बोललो नाही, पण मला माहिती होतं, त्यात पिन आपली, वायर आपली, उजेड तिकडचा. यंदा तीच माळ घेऊन परत आले, लागतच नाही म्हणाले. बघितलं तर ती आठ तऱ्हेने लुकलुक करणारी डबी गेलेली. ड्रॉवरमध्ये तसल्या डब्या पडलेल्या असतात, एक काढली, दोन वायरी जोडल्या, टेप मारली, माळ सुरू.

गुरुजींनी डबी हातात घेऊन उलटीपालटी केली. म्हणाले, "ही कुठली रे?"

म्हटलं, "आपल्या दुकानातली, गुरुजी. गेली तर परत घेऊन या."

"मग ठीक आहे," म्हणाले आणि माळ पिशवीत टाकली.