सालामांकाला निघालेल्या विद्वानांना काही सूचना

स्पेनमधल्या सालामांका या जुन्या विद्यापीठाच्या शहरातल्या परिषदेने शोधनिबंध स्वीकारल्याची मेल आली की पहिलं काम म्हणजे शोधनिबंध बाजूला ठेवणं. तो विमानात लिहिता येतो. विमानात झोप लागली तर हॉटेलात, आणि हॉटेलातही लागली तर दुसऱ्या कुणाचं भाषण चालू असताना मागच्या रांगेत बसून लिहिता येतो. व्हिसा मात्र मागच्या रांगेत बसून मिळत नाही. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे स्पेनसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. सोबत यजमानांचं निमंत्रणपत्र, किमान 30,000 युरोचं वैद्यकीय संरक्षण देणारा विमा, बँकेचा उतारा, पगाराच्या स्लिपा आणि कॉलेजचं ना हरकत प्रमाणपत्र. यातलं शेवटचं मिळवणं हेच खरं संशोधन. संदर्भसाहित्य शोधण्याची सवय इथे कामी येते, कारण फाइल कुठल्या टेबलावर आहे हे कुणीच सांगत नाही.

नोंदणीच्या फॉर्मात नाव लिहिताना आपलं पूर्ण मराठी नाव ठसठशीत लिहा. स्पॅनिश माणसाला दोन आडनावं असतात, आधी वडिलांचं, मग आईचं, आणि यादी पहिल्या आडनावाने लागते. त्यामुळे तुमच्या वडिलांचं नाव दत्तात्रय असेल तर यजमान ते तुमचं पहिलं आडनाव धरतात. नोंदणीच्या टेबलावर तुमचा बिल्ला ‘क’मध्ये किंवा ‘प’मध्ये शोधत बसू नका, ‘द’मध्ये बघा. चार दिवस सगळे तुम्हाला प्रोफेसर दत्तात्रय म्हणतील. वडिलांना फोन करून सांगा, त्यांना बरं वाटेल.

माद्रिदहून सालामांका साधारण 210 किलोमीटर. माद्रिदच्या बाराखास विमानतळावरूनच थेट बस आहे, अडीच-तीन तास लागतात. रेल्वेने जायचं तर गाडी चामार्तीन स्टेशनवरून सुटते. विद्वानाने अर्थातच आतोचाला जावं, कारण माद्रिदचं तेच एक स्टेशन त्याने फोटोत पाहिलेलं असतं. तिथली आतली बाग बघण्यासारखी आहे आणि गाडी चुकल्यावर ती बघायला वेळही मिळतो. सालामांकाच्या जुन्या भागात दगडी फरसबंदी आहे आणि बरेच रस्ते फक्त पायी चालणाऱ्यांसाठी. चार चाकांची मोठी बॅग न्या. रात्री अकराला ती ओढत निघालात की अख्ख्या गल्लीला कळतं, परिषद सुरू झाली.

शहर सोन्याचं दिसतं ते जवळच्या विलामायोरच्या वालुकाश्मामुळे. हा दगड खाणीतून ओला निघतो तेव्हा मऊ असतो, म्हणून त्यावर सोनारकामासारखी नक्षी कोरता आली. पुढे वाळून तो घट्ट होतो आणि त्यातल्या लोहामुळे पिवळा-तांबूस रंग चढतो. हे वाक्य पाठ करून ठेवा. कॉफीच्या सुट्टीत कुणी तुमच्या निबंधाबद्दल विचारलं तर विषय बदलायला उपयोगी पडतं.

विद्यापीठ 1218 साली लिओनचा राजा नववा आल्फोन्सो याने स्थापन केलं. सोळाव्या शतकातल्या त्याच्या दर्शनी भिंतीवर राजेराण्या, ढाली, पानंफुलं, पशुपक्षी यांची खच्चून गर्दी आहे, आणि उजव्या खांबावर एका कवटीच्या डोक्यावर बोटभर बेडूक बसलेला आहे. कुणाच्या मदतीशिवाय तो सापडला तर परीक्षेत यश, असं विद्यार्थी मानतात. तुम्ही मदत घ्याच. भिंतीसमोर पाच मिनिटं उभं राहिलं की कुणीतरी बोट दाखवतंच, आणि दुसऱ्याने शोधलेलं आपलं म्हणून दाखवणं ही काही तुमच्यासाठी नवी पद्धत नाही. पुढे इथेच रेक्टर, म्हणजे विद्यापीठाचे प्रमुख, झालेले लेखक उनामुनो म्हणाले होते म्हणतात, की लोक बेडूक बघतात यात वाईट नाही, बेडकाशिवाय काहीच बघत नाहीत हे वाईट. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. सेल्फी काढा आणि पुढे चला.

नव्या कॅथेड्रलच्या एका दारावर अंतराळवीर कोरलेला आहे. कॅथेड्रलचं काम 1513 साली सुरू झालं, अंतराळवीर मात्र 1992 च्या डागडुजीत बसवला गेला. फोटो काढलात तर दुसरा आकडा खाली स्पष्ट लिहा. नाहीतर आपल्याकडे पुढच्या वर्षीच्या एखाद्या परिषदेत त्यावर निबंध येईल, आणि सत्राचे अध्यक्ष म्हणून तुम्हालाच बसवतील.

आता ज्या जागी चुकूनही जाऊ नये ती जागा. जुन्या कॅथेड्रलच्या अंगणाला लागून सांता बार्बारा नावाचं छोटं प्रार्थनागृह आहे. मधोमध एका बिशपची समाधी आणि तिच्या पायथ्याशी खुर्ची. पदवीच्या उमेदवाराला आदल्या रात्री इथे कोंडायचे. दगडी बिशपच्या तळपायांना आपले तळपाय टेकवून तो रात्रभर दिलेल्या विषयावर घोकत बसायचा. दुसऱ्या दिवशी प्राध्यापक भिंतीलगतच्या बाकांवर चहूबाजूंनी बसून त्याला सोलून काढायचे. उत्तीर्ण झाला तर मोठ्या दरवाज्याने वाजतगाजत बाहेर, शिवाय गुरुजनांना मेजवानी आणि गावाला बैलांची झुंज स्वतःच्या खर्चाने. नापास झाला तर गाड्यांच्या दाराने मागच्या मागे. ही खुर्ची बघून माणसाच्या मनात नको ते विचार येतात. तुमची परीक्षा पंधरा मिनिटांची आहे, तीही समांतर चाललेल्या सहा सत्रांपैकी एकात, आणि गाड्यांच्या दाराने कुणालाच पाठवत नाहीत. नोंदणी शुल्क परत करावं लागेल ना.

निबंधाची वेळ निवडायला मिळाली तर दुपारी चारची घ्या. इथे जेवण दोनला सुरू होतं आणि साडेतीनच्या आत कुणी उठत नाही, वाइन पाण्याच्या भावाने चालते. चार वाजता श्रोते असतात सहा, त्यातले पाच वक्ते, सहावा अध्यक्ष. प्रश्न येत नाहीत. एखाद्याने हात वर केलाच आणि ‘हा प्रश्न नाही, फक्त एक टिप्पणी आहे’ अशी सुरुवात केली तर निर्धास्त व्हा, तो स्वतःच्या पुस्तकाबद्दल बोलणार आहे. लॅपटॉपच्या चार्जरचा आपला जाड तीन पिनांचा प्लग तिथल्या दोन गोल भोकांत शिरत नाही. अडॅप्टर मुंबईतच घ्या, किंवा घेऊ नका आणि बॅटरी संपल्याचं निमित्त ठेवा.

स्लाइड अडकलीच तर इथले जुने प्राध्यापक फ्राय लुईस दे लिओन यांची आठवण काढा. हिब्रू मूळपाठाचा आग्रह आणि बायबलमधल्या प्रेमगीताचं स्पॅनिश भाषांतर यांपायी धर्मन्यायालयाने त्यांना 1572 ते 1576 तुरुंगात ठेवलं. सुटून वर्गावर परतल्यावर ‘काल आपण म्हणत होतो’ असं म्हणून त्यांनी पुढचा धडा सुरू केला, अशी दंतकथा आहे. त्यांचा वर्ग अजून तसाच आहे. बाक म्हणजे ओबडधोबड तासलेले लाकडी वासे, वर विद्यार्थ्यांनी चाकूने कोरलेली नावं, पाठ टेकायला काही नाही. तुमच्या सभागृहातल्या खुर्च्या मागे कलतात. तक्रारीला जागा नाही.

परीक्षकाने निबंधावर खवचट शेरे मारले असतील तर कोलंबसाचं उदाहरण द्या. 1486-87 च्या हिवाळ्यात पश्चिमेकडून समुद्रमार्गे आशिया गाठायची त्याची योजना इथल्या पंडितांपुढे आली आणि त्यांना ती पटली नाही. पंडितांचं बरोबर होतं. त्याने पृथ्वी फारच लहान धरली होती. अमेरिका मात्र उमेदवाराला सापडली. तेव्हा आकडेवारी चुकीची असली तरी निधी मिळवत राहा.

शाकाहारी असाल तर ही परिषद तुम्हाला खरं ज्ञान देईल. मांस म्हणजे ‘कार्ने’. पण ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, असं सांगितलं तरी खामोन, म्हणजे वाळवलेलं डुकराचं मांस, ताटात येऊ शकतं, कारण बऱ्याच स्वयंपाकघरांत ते मांसात मोजत नाहीत, चवीत मोजतात. लसणीच्या सुपातही ते असतं. मिश्र सॅलड मागवलंत तर पानांच्या आतून टूना निघतो. त्याचं स्पॅनिश नावही आतूनच आहे, हे लक्षात ठेवायला मराठी माणसाइतकं सोपं कुणालाच नाही. ‘ओर्नासो’ला करंजीचा मोठा भाऊ समजून हात घालू नका, आत चोरिसो नावाचं डुकराचं सॉसेज, डुकराची कमर आणि उकडलेली अंडी असतात. बटाट्याचं जाड आम्लेट अंडं खाणाऱ्यांना तारतं. रात्री साडेआठच्या आधी स्वयंपाकघर उघडत नाही, म्हणून चिवडा जवळ ठेवा. पेढे नेऊ नका, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, आणि कस्टमवाल्याला कंदी पेढा हे संशोधन आहे असं पटवता येत नाही.

ग्रंथालय बघायला नेलं तर तिथली जुनी पाटी वाचा: पुस्तक पळवणाऱ्याला धर्मबहिष्कार, तोही फक्त पोपलाच उठवता येईल असा. घाबरू नका, पाटी पुस्तकं उचलणाऱ्यांसाठी आहे, परिच्छेद उचलणाऱ्यांसाठी नाही. इथलीच एक लॅटिन म्हण आहे, निसर्गाने जे दिलं नाही ते सालामांका पुरवत नाही. आपल्याकडे याला आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार असं म्हणतात. दोन्ही म्हणी प्रमाणपत्रं छापायच्या आधीच्या आहेत.

जुने डॉक्टर पदवी मिळाल्यावर बैलाच्या रक्तात आणखी काहीबाही मिसळून भिंतीवर आपलं नाव लाल अक्षरांत रंगवून घेत, ती नावं अजून दिसतात. तुम्हाला कागद मिळेल. शेवटच्या दिवशी प्लाझा मायोर या मुख्य चौकात घड्याळाखाली सगळे जमतात तेव्हाच तो उघडून बघा, परत आल्यावर नाही. त्यावर बहुधा प्रोफेसर दत्तात्रय यांनी निबंध वाचला असं लिहिलेलं असेल. दुरुस्ती तिथेच करून घ्या. नाहीतर प्रवासभत्त्याच्या बिलाला बोर्डिंग पाससोबत तो जोडलात की लेखाविभाग फाइल परत पाठवेल आणि विचारेल, वडील कुठल्या वेतनश्रेणीत होते.