आई नापास झाली नाहीये

दुपारपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

वयस्कर माणसांनी नव्या मूल्यांशी किती जुळवून घेतलंय, हे मोजायला एक मुलगी घरी आली होती. पोरगी गुणी होती, तिच्यावर राग नाही. राग त्या प्रश्नावलीवर आहे. एकेक वाक्य वाचायचं आणि 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत पाचांतल्या एका चौकटीत खूण करायची. "घटस्फोट घेण्यात गैर काही नाही." आई म्हणाली, पूर्ण असहमत. शेवटी बेरीज झाली आणि आई 'कमी जुळवून घेणाऱ्या' गटात जाऊन बसली.

"मी नापास झाले का गं?" तिने त्या मुलीला विचारलं.

अहो, हीच बाई! अकरा वर्षांपूर्वी संसार मोडून मी बॅग घेऊन दारात उभी राहिले, तेव्हा हिने एक प्रश्न विचारला नाही. दुसऱ्या दिवशी नातेवाइकांचे फोन सुरू झाले. "ती इथेच राहणार आहे," एवढं म्हणून ही फोन ठेवायची. दिवसभर. तिला ते पटलं नव्हतं, आजही पटलेलं नाही. न पटता केलं. त्याला कुठली चौकट आहे?

हे पाच पर्याय लिकर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली आणले ते मतं मोजायला. मतं मोजा ना, पण त्यालाच जुळवून घेणं म्हणू नका! माणूस किती 'आधुनिक' हे ठरवणारी इंकेल्स आणि स्मिथ या समाजशास्त्रज्ञांची गाजलेली मोजपट्टी तर भारतासह सहा देशांतल्या १८ ते ३२ वर्षांच्या पुरुषांना विचारून तयार झाली. त्यात ना बाई, ना म्हातारं माणूस. आजची प्रश्नावली ती नव्हती, ठाऊक आहे. वळण तेच.

आणि एका दुपारी विचारून कळणार काय? आई कुठून निघून इथवर आली, हे कळायला त्याच माणसाकडे वर्षानुवर्षं परत परत जावं लागतं.

बरं, मोजूच नका असं नाही. एकटी पडलेली माणसं मोजल्याशिवाय दिसणार नाहीत, मान्य. पण "ती इथेच राहणार आहे" हेही कुठेतरी नोंदवा की.

आत्ता झोपायला जाताना दारात थांबली. म्हणाली, "तो घटस्फोटाचा प्रश्न... मी खरं तेच सांगितलं. तुला लागलं का?"

नाही म्हटलं. तिच्या अंगावर पांघरूण घातलं आणि दिवा मालवला.