पहिल्या रांगेत शब्द का कळत नाहीत

पुण्यात गुडलक चौकातल्या कलाकार कट्ट्यावर परवा वाद पेटला तो बंड्याच्या एका वाक्यावरून. "बँडच्या लाइव्ह गिगला गेलं की स्टेजला चिकटून उभं राहायचं. आणि तिथेही गाणाऱ्याचे शब्द कळत नसतील, तर साउंडवाल्याला काही येत नाही असं खुशाल समजावं."

पप्या साउंडवाला, सगळ्यांचे आवाज जुळवणाऱ्या मिक्सरवर बसणारा. त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. "तू जिथे उभा राहतोस ना, तिथे माझं काही चालतच नाही."

बोलणं चाललं होतं ते छोट्या जागांबद्दल. डेक्कन, कॅम्प, कोरेगाव पार्क या भागातली दीडशे-दोनशे माणसं मावतील अशी ठिकाणं, एका टोकाला फूटभर उंच स्टेज, दुसऱ्या टोकाला बार. मैदानावरच्या मोठ्या कार्यक्रमांचं गणित निराळं, ते इथे लावून चालत नाही.

पप्याचं म्हणणं असं. मुख्य स्पीकर स्टेजच्या दोन अंगांना, डोक्याच्या वर टांगलेले किंवा स्टँडवर चढवलेले, तोंड मागच्या लोकांकडे. गाणाऱ्याचा आवाज फक्त त्यांतूनच बाहेर येतो. ड्रमसेटला मात्र स्पीकर लागतच नाही. लहान खोलीत जोरात वाजणारा ड्रमसेट शंभर डेसिबलच्या पुढे सहज जातो. पहिल्या रांगेत मधोमध उभ्या असलेल्या माणसाला ड्रम आणि गिटारचा ॲम्प (तिचा स्वतःचा स्पीकर) थेट दोन मीटरवरून ऐकू येतात, आणि गाणं त्याच्या डोक्यावरून मागे निघून जातं. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. खोलीत भिंती असल्यामुळे एवढा उतरत नाही, पण ड्रमपासून दोन मीटरऐवजी चार-पाच मीटरवर गेलं की फरक कानाला कळतो. स्पीकरचा आवाज तिथे उलट जास्त स्वच्छ येतो, कारण आता तुम्ही त्यांच्या तोंडासमोर असता. "मी एकही बटण न हलवता तुला शब्द कळायला लागतील. फक्त चार-पाच पावलं मागे ये."

"मग मिक्सरच्या शेजारीच उभं राहतो की," बंड्या म्हणाला.

हा सल्ला सगळेच देतात आणि तो निम्माच बरोबर आहे. मिक्सर खोलीच्या मधल्या रेषेवर, स्टेजपासून साधारण दोन तृतीयांश अंतरावर असेल तर तिथे उभं राहण्यासारखं दुसरं सुख नाही, कारण साउंडवाला जे ऐकतो तेच तुम्ही ऐकता. पण जागेच्या मालकाला गिऱ्हाइकांची टेबलं हवी असतात, म्हणून मिक्सर बऱ्याचदा एखाद्या कोपऱ्यात नाहीतर मागच्या भिंतीला टेकवलेला असतो. भिंतीपाशी आणि त्याहून जास्त कोपऱ्यात खर्जाचे सूर साठतात. बेस गिटार आणि किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) नुसते घुमतात, कुठला सूर कुठे संपला ते कळत नाही. अशा जागी बसलेला साउंडवाला शहाणा असेल तर दर दोन गाण्यांनी उठून खोलीभर चक्कर मारतो, किंवा टॅब्लेटवरून मधोमध उभा राहून मिक्स करतो. जो तीन तास कोपऱ्यातून हलत नाही, तो कोपऱ्यात बेस जास्त ऐकून तो कमी करत राहतो आणि मधल्या लोकांना बेस मिळतच नाही. इथे बंड्याची तक्रार खरी आहे, आणि पप्यानेही ती मान्य केली.

सबवूफरची, म्हणजे फक्त खर्जासाठीच्या स्पीकरची, एक गोष्ट तर बहुतेकांना माहीतच नसते. स्टेजच्या डावी-उजवीकडे एकेक सब ठेवलेला असतो. मधल्या रेषेवर दोघांचा आवाज एकाच वेळी पोचतो आणि एकमेकांत मिळतो. बाजूला सरकलं की एक सब जवळ पडतो, दुसरा लांब. ६० हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ५.७ मीटर. तुमच्यापासून दोन्ही सबच्या अंतरात त्याच्या निम्मा, म्हणजे २.८५ मीटरचा फरक पडला की तो सूर एकमेकांना जवळजवळ मारून टाकतो. "छातीत किकचा ठोका येत नसेल तर साउंडवाल्याला शिव्या घालण्याआधी दोन पावलं आडवं सरक," पप्या म्हणाला. "ठोका परत येतो. सब शेजारी शेजारी मधोमध ठेवले तर ही भानगडच राहत नाही, पण तिथे नाचायला जागा लागते ना."

ताई गाते. इतका वेळ ऐकत होती, पण आता तिने विषय स्टेजवर नेला. "पप्या, तू समोरच्या स्पीकरांचं सांगतोयस. भांडण सुरू होतं ते मॉनिटरपासून."

मॉनिटर म्हणजे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून स्टेजवर त्यांच्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर. ती क्रमच सांगायला लागली. ड्रम मोठा, म्हणून गिटारवाल्याला स्वतःचं ऐकू येत नाही. त्याचा ॲम्प जमिनीवर, तोंड त्याच्या पोटरीकडे, कान दीड मीटर वर. तो आवाज वाढवतो. तो वाढलेला आवाज पहिल्या चार रांगांच्या तोंडावर आदळतो. आता गाणारीला मॉनिटरमध्ये स्वतःचा आवाज कमी पडतो, ती हात वर करून "अजून, अजून" म्हणते. मॉनिटर वाढतो, त्याचा आवाज माइकमध्ये शिरतो, माइकमधून पुन्हा मॉनिटरमध्ये, आणि शिट्टी. शिट्टी थांबवायला साउंडवाला माइकची नेमकी तीच फ्रिक्वेन्सी कापतो. अशा चार-पाच फ्रिक्वेन्सी कापल्या की गाणाऱ्याचा आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. शब्द तिथेच मेलेले असतात, समोरचे स्पीकर कितीही चांगले असोत.

"आणि माइक धरायची पद्धत," पप्याने जोडून दिलं. हे त्याने बंड्याच्या हातातल्या पाण्याच्या बाटलीवर दाखवलं. माइकच्या जाळीखाली बारीक फटी असतात. मागून येणारा आवाज याच फटींतून आत शिरतो आणि पुढून आलेल्या त्याच आवाजाला काटतो, म्हणून साधा कार्डिऑइड माइक पाठीमागचं ऐकत नाही. हातात धरायच्या माइकांत सगळीकडे दिसणारा एसएम-५८ याच जातीचा. म्हणूनच मॉनिटर बरोबर त्याच्या शेपटीसमोर ठेवतात. गाणाऱ्याने जाळी मुठीत धरली की फटी बंद होतात, माइक चहूबाजूंनी ऐकायला लागतो आणि मॉनिटर त्यात घुसतो. दिसायला झकास दिसतं, पण शिट्टीचं ते हमखास कारण. मूठ जाळीच्या खाली, दांड्यावर हवी. ओठ जाळीपासून एक-दोन बोटं. अंतर दुप्पट केलं की माइकला गाणं ६ डेसिबलने कमी पोचतं आणि ड्रम मात्र तेवढाच पोचत राहतो. सुपरकार्डिऑइड, म्हणजे समोरचं आणखी अरुंद टप्प्यातलं ऐकणारा, माइक असेल तर त्याची बहिरी बाजू बरोबर पाठीमागे नसते, ती थोडी तिरकी, समोरून मोजलं तर सुमारे १२५ अंशांवर असते. त्याला एकच मॉनिटर नाकासमोर ठेवून भागत नाही, दोन मॉनिटर दोन बाजूंना तिरके ठेवावे लागतात. माइक बदलला आणि मॉनिटर तिथेच राहिला, ही चूक फार होते.

बंड्या आता ॲम्पच्या बाजूने उठला. "ॲम्प चढवल्याशिवाय व्हॉल्व्हचा तो भरदार आवाजच येत नाही. खाली आणा म्हणणं सोपं आहे, तो टोन कुठून आणणार?"

यात तथ्य आहे. व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांचा, ॲम्प जोरात चालवल्याशिवाय त्याचा आवाज फाटत नाही, आणि फाटलेला आवाजच हवा असतो. पण त्यासाठी १०० वॉटचा लागत नाही. १०० वॉटवरून ५० वॉटवर आलं की फरक फक्त ३ डेसिबलचा. १०० वरून १० वर आलं की १० डेसिबल, म्हणजे कानाला साधारण निम्मं. दोनशे माणसांच्या खोलीत १५ वॉटचा व्हॉल्व्ह ॲम्प पूर्ण चढवला तरी भरपूर होतो. त्याला खुर्चीवर ठेवायचा, मागे कलता करून तोंड वाजवणाऱ्याच्या कानाकडे, किंवा स्टेजच्या कडेला आडवा वळवायचा. त्यापुढे माइक लावला की बाकीचं काम मुख्य स्पीकर करतात. माझ्या मते छोट्या जागेत बँडने करायची सगळ्यात मोठी सुधारणा हीच, आणि तिला पैसा लागत नाही.

नाना कोपऱ्यावर बसले होते. त्यांचं सगळं ऐकणं बैठकीतलं, आणि १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव भरणाऱ्या या शहरात त्यांच्यासारखे कान कमी नाहीत. "अरे, म्हणजे तुम्ही सगळे शेवटी मी म्हणतो तिथेच आलात. मंचावरचा आवाज आधी खाली आणा."

"हो नाना," ताई म्हणाली, "पण तुमच्या तबल्याला अशा जागेत बसवायचं म्हटलं की वेगळीच दुखणी निघतात."

ती नानांनीच मोजून दिली. एसीचा झोत तबल्यावर येऊ नये, कातडं थंड-कोरडं होऊन सूर सरकतो. पावसाळ्यात उलट, दमट हवेने पुडी सैलावते आणि सूर उतरतो. म्हणून वाद्य कार्यक्रमाच्या अर्धा-पाऊण तास आधी मंचावर आणून ठेवायचं आणि दिवे लावल्यावरच मिळवायचं. ग्रीन रूममध्ये मिळवलेला तबला दिव्यांखाली आला की पुन्हा ठोकावा लागतो. पेटीचे सूर मात्र बदलता येत नाहीत, म्हणून बाकीच्यांनी पेटीला मिळवून घ्यायचं. डग्ग्याच्या घुमाऱ्याला मॉनिटरमध्ये फार घेतलं तर शिट्टी नाही, हुंकार येतो, खोल आणि लांब. तो थांबवायला मॉनिटरमधून डग्गा काढून टाकावा, समोरच्या स्पीकरांत ठेवावा.

हुंकारावरून गोष्ट गुणगुणीवर गेली, आणि इथे पप्या एकदम गंभीर झाला. लॅपटॉप किंवा कीबोर्ड एका सॉकेटवर, मिक्सर दुसऱ्या भिंतीच्या सॉकेटवर, मधे ऑडिओची केबल. दोन वाटांनी अर्थिंग जोडलं जातं आणि ५० हर्ट्झची गुणगुण सुरू होते. उपाय दोन. सगळं एकाच बोर्डावरून घ्यायचं, आणि मधे डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी छोटी डबी) टाकून त्यावरचा ग्राउंड लिफ्टचा खटका दाबायचा. तो खटका फक्त ऑडिओ केबलचं अर्थ तोडतो. "पण काही जण प्लगची तिसरी पिनच मोडतात, नाहीतर दोन पिनांचा ॲडाप्टर लावतात. गुणगुण जाते खरी. मग ॲम्पमध्ये गळती झाली की करंट तारांमधून गिटारवाल्याच्या हातात, आणि त्याचे ओठ अर्थ असलेल्या माइकला लागतात. माणूस जातो त्याने. गुणगुण राहिली तरी चालेल, पिनेला हात लावायचा नाही."

थोडा वेळ कोणी बोललं नाही.

मग ताईने कानांचं काढलं. ८५ डेसिबलला दिवसाला ८ तास, आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मी, हा अमेरिकेतल्या निऑश या कामगार आरोग्य संस्थेचा हिशेब. ९४ ला १ तास, १०० ला १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा जागांसाठी जे मानक दिलं, त्यात १५ मिनिटांची सरासरी १०० च्या वर जाऊ नये असं म्हटलंय. कार्यक्रम असतो दोन-अडीच तासांचा. घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली तर हद्द ओलांडली गेली, एवढं समजायला यंत्र लागत नाही.

"कानात बोळे घातले की गाणं गादीखालून आल्यासारखं वाटतं," बंड्या कुरकुरला.

फोमचे बोळे वरचे सूर जास्त खातात, म्हणून तसं वाटतं. फिल्टरवाले, वाजवणाऱ्यांसाठी बनवलेले बोळे सगळे सूर जवळपास सारखेच खाली आणतात, साधारण १५ ते २० डेसिबल, आणि शब्द उलट स्पष्ट होतात. फोमचेच असतील तर ते नीट घालायला शिकावं. ताईने घालून दाखवले. बोटांत वळून बारीक सुरळी करायची, दुसरा हात डोक्यावरून घेऊन कान वर आणि मागे ओढायचा, सुरळी आत सरकवायची आणि फोम फुगेपर्यंत, निदान वीस-तीस सेकंद, बोटाने धरून ठेवायची. अर्धा बाहेर लोंबणारा बोळा नुसता दिखाव्याचा. आणि बोळे दारातच घालायचे, कान दुखायला लागल्यावर नाही.

वेळेचंही पप्याने बजावलं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद. सरकारने वर्षातले ठरावीक, जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट दिली तरच पुढे. बंदिस्त सभागृहाला वेगळी मुभा आहे, पण गच्ची, लॉन, पत्र्याखालची अर्धी उघडी जागा असेल तर मुख्य बँड साडेआठच्या आतच सुरू व्हायला हवा. नऊला पोचणाऱ्याला तासच मिळतो. पहिली दोन गाणी ऐकून मत मात्र बनवू नये. साउंडचेक रिकाम्या खोलीत झालेला असतो, माणसं भरली की अंगं-कपडे वरचे सूर शोषून घेतात, आणि साउंडवाला तेवढ्यात मिक्स पुन्हा बसवत असतो. तिसऱ्या गाण्यालाही शब्द कळले नाहीत, तर मग बोलावं.

"त्याला जाऊन सांगायचं काय?" बंड्याने विचारलं.

"'आवाज वाढव' नाही सांगायचं. गाणं संपल्यावर जायचं, 'उजव्या बाजूला गाणं कमी येतंय' असं जागेसकट सांगायचं. मला तेवढंच लागतं."

बंड्याला हे पटलं. ड्रमरला काड्यांऐवजी रॉड्स द्यावेत, हे काही केल्या पटलं नाही. बांबूच्या बारीक काड्यांची ती जुडी आवाज चांगलाच उतरवते, पण स्नेअरचा तडाखाही जातो, आणि तडाखा गेला तर मी जाऊ कशाला, असं त्याचं म्हणणं. ताई म्हणाली निदान संथ गाण्यांना तरी. नाना म्हणाले ड्रमरलाच हलक्या हाताने वाजवायला शिकवा. यावर चहाची दुसरी फेरी झाली, तरी हा मुद्दा तसाच राहिला.

त्या रात्रीच्या गिगचं दार आठला उघडणार होतं. बंड्याने ताईकडून बोळ्यांची एक जोडी मागून घेतली. पहिली तीन गाणी तो पुढेच उभा राहणार होता.